पाहुणा करदाता केव्हा होतो? अथेन्सच्या मेटिकांची कहाणी

१/ परदेशी गेलेला माणूस तिथला करदाता नेमका कधी होतो? आजचे कायदे या प्रश्नाचे उत्तर बहुधा दिवस मोजून देतात. भारतात आर्थिक वर्षातील १८२ दिवस, ब्रिटनमध्ये १८३. पारपत्र कोणत्या देशाचे, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी गौण ठरतो. दिवस मोजण्याची ही रीत मात्र आधुनिक प्राप्तिकराहून कितीतरी जुनी आहे. इ.स.पू. पाचव्या-चौथ्या शतकांतील अथेन्समध्ये ती रूढ होती, आणि कर चुकवणाऱ्याची तिथे केवळ दंडावर सुटका होत नसे.

२/ अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख, बायझँटियमचा ॲरिस्टोफनीस (हा नाटककार ॲरिस्टोफनीस नव्हे), याने केलेली एक व्याख्या उपलब्ध आहे. तिचा आशय असा : परक्या नगरातून आलेला माणूस ठरावीक दिवसांपर्यंत ‘पारेपिडेमॉस’, म्हणजे वाटसरू पाहुणा. तोवर त्याला कर नाही. ती मुदत ओलांडली की तो ‘मेटॉइकोस’, आणि करास पात्र. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला ‘मेटिक’ हा शब्द याच ‘मेटॉइकोस’चे रूप.

३/ मुदत किती दिवसांची, हे या व्याख्येत येत नाही. परंतु मध्य ग्रीसमधील लोक्रिस प्रदेशातल्या खालेऑन आणि ओइआंथेआ या दोन नगरांच्या करारात महिन्याची मर्यादा दिलेली आहे : एक महिन्याहून अधिक राहणाऱ्याला स्थानिक कायदा लागू. अथेन्सचा नियमही असाच असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. पाहुणा आणि रहिवासी यांच्यातील सीमारेषा कांस्याच्या पत्र्यावर कोरून ठेवण्याची गरज त्या काळीही भासली होती.

४/ मुदत संपल्यावर परक्याला तीन गोष्टी कराव्या लागत. एखाद्या ‘डेमॉस’मध्ये, म्हणजे स्थानिक वस्तीत, नोंद. ‘प्रोस्टाटेस’, म्हणजे आपल्यामागे उभा राहणारा एक अथेनियन नागरिक. आणि ‘मेटॉइकिऑन’ हा वार्षिक कर : पुरुषाला १२ ड्रॅक्मा, स्वतंत्रपणे राहणाऱ्या स्त्रीला ६. नोंदीतही भेद होता. नागरिक अमुक डेमॉस‘चा’ असे. मेटिक अमुक डेमॉस‘मध्ये राहणारा’.

५/ १२ ड्रॅक्मा म्हणजे किती? ॲक्रोपोलिसवरील एरेक्थिऑन मंदिराच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले आहेत. इ.स.पू. ४०९ ते ४०६ च्या सुमाराच्या या नोंदींत कुशल कारागिराची दिवसाची मजुरी साधारण १ ड्रॅक्मा आहे. म्हणजे वर्षाचा कर बारा दिवसांच्या श्रमाइतका. ज्यांचा दर्जा ओळखता येतो अशा ८६ कामगारांत २४ नागरिक, ४२ मेटिक आणि २० गुलाम आहेत. तिघांच्या कामाला दर एकच.

६/ रक्कम जाचक नव्हती. तिचा अर्थ जाचक होता. अथेनियन नागरिकाला असा नियमित डोईपट्टीचा कर नव्हताच. स्वतःच्या डोक्यामागे पैसे मोजणे ही परकेपणाची खूण होती. शिवाय मेटिकाला सैन्यात जावे लागे. तो श्रीमंत असेल तर युद्धकाळातला मालमत्ता कर आणि उत्सवांचा खर्चही त्याच्या वाट्याला येई. लोकसभेत मत मात्र नाही. जमीन वा घर विकत घेण्याचा अधिकार नाही. इ.स.पू. ४५१ च्या पेरिक्लीसच्या कायद्याने आई-वडील दोघेही अथेनियन असणे नागरिकत्वासाठी आवश्यक ठरवले. त्यामुळे अथेन्समध्ये जन्मलेले मेटिकाचे मूलही मेटिकच राही.

७/ कर न भरणाऱ्याचे काय होई? त्याला ‘पोलेताय’ या अधिकाऱ्यांपुढे उभे केले जाई. हे नगराच्या वतीने विक्री करणारे अधिकारी. जप्त जमिनी, खाणींचे मक्ते जिथे विकले जात, तिथेच कर चुकवलेला मेटिक गुलाम म्हणून विकला जाऊ शके.

८/ डेमोस्थेनिसच्या नावावर असलेल्या ‘ॲरिस्टोगेटोनविरुद्ध’ या भाषणात झोबिया नावाच्या मेटिक स्त्रीचा प्रसंग येतो. ॲरिस्टोगेटोन तुरुंगातून पळाला तेव्हा तिने त्याला घरात लपवले. ८ ड्रॅक्मा, अंगावर घालायला कपडे देऊन वाटेला लावले. पुढे तो नगरात वजनदार झाला. तिने उपकाराची आठवण करून देताच त्याने तिला मारहाण करून हाकलले. तिने ओळखीपाळखीच्या लोकांत गाऱ्हाणे मांडले, तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने तिला विक्रीच्या कचेरीत ओढत नेले. तिचा कर भरलेला निघाला, म्हणून ती वाचली. नसता तर विकलीच गेली असती, असे वक्ता सांगतो.

९/ हे भाषण प्रतिपक्षाचे आहे, तेव्हा रंग गडद असणारच. परंतु श्रोत्यांना ही धमकी अशक्य वाटली असती, तर वक्त्याने ती वापरली नसती. सहा ड्रॅक्मांची नोंद हेच त्या स्त्रीच्या स्वातंत्र्याचे एकमेव संरक्षण होते.

१०/ विद्वत्ताही इथे कामी येत नसे. ॲरिस्टॉटल अथेन्समध्ये मेटिक म्हणूनच राहिला. प्लेटोच्या अकादमीचा प्रमुख झेनोक्रॅटिस हा खाल्केडॉनचा. कर न भरल्याबद्दल त्याला पकडले, तेव्हा लायकर्गस या मुत्सद्द्याने वसुलदाराला काठी हाणून त्याला सोडवले, असे प्लुटार्क सांगतो. डायोजेनिस लाएर्टियसच्या मते तो विकलाच गेला, आणि फालेरॉनच्या डेमेट्रियसने त्याला विकत घेऊन मुक्त केले. फोकिऑनने त्याला नागरिकत्व देऊ केले होते, असेही प्लुटार्क लिहितो. ज्या राज्यव्यवस्थेला आपण विरोध केला तिचे नागरिकत्व नको, म्हणून त्याने ते नाकारले. या कथा शतकानुशतकांनंतर लिहिलेल्या आहेत. तरी तत्त्वज्ञ आणि वसुलदार यांची गाठ पडू शकते, हे त्या सगळ्यांनी गृहीतच धरले आहे.

११/ आता एक कुटुंब पाहा. पेरिक्लीसच्या आग्रहावरून सिरॅक्यूजचा केफॅलस अथेन्सला आला आणि तीस वर्षे राहिला. प्लेटोचे ‘रिपब्लिक’ ज्या घरात घडते, ते पिरिअस बंदरातील घर त्याच्या मुलाचे, पोलेमार्कसचे. दुसरा मुलगा लिसियस. दोघा भावांचा ढाली बनवण्याचा कारखाना होता. वेळेवर कर, उत्सवांचा खर्च, युद्धनिधी : आदर्श रहिवासी कसा असावा, याचा हा नमुना.

१२/ इ.स.पू. ४०४. अथेन्स स्पार्टाकडून हरले आणि ‘तीस जुलमी’ सत्तेवर आले. पैशाची चणचण होती. त्यांची दृष्टी मेटिकांवर गेली. दहा जणांना पकडायचे ठरले. त्यांत दोन गरीब मुद्दाम घातले, म्हणजे हे पैशासाठी चालले आहे असे दिसू नये. हे लिसियसच आपल्या भाषणात सांगतो. ७०० ढाली आणि १२० गुलाम जप्त झाले. लिसियस लाच देऊन, मागच्या दाराने मेगाराला निसटला. पोलेमार्कसला खटल्याविना विष प्यावे लागले. त्याच्या पत्नीच्या कानांतले सोनेही ओरबाडून नेले.

१३/ वनवासात लिसियसने लोकशाहीवाद्यांना द्रव्य, ढाली आणि भाडोत्री सैनिक पुरवले. इ.स.पू. ४०३ मध्ये लोकशाही परतली. तिचा नेता थ्रॅसिब्युलस याने लिसियसला नागरिकत्व देण्याचा ठराव मांडला आणि तो संमत झाला. मग आर्किनसने हरकत घेतली : ठराव आधी पाचशेंच्या मंडळापुढे गेला नव्हता, सबब बेकायदा. हरकत टिकली. ठराव रद्द झाला.

१४/ लिसियस अखेरपर्यंत ‘इसोटेलेस’ राहिला. शब्दाचा अर्थ ‘समकर’ : ज्याच्यावरील कर नागरिकाइतकाच, ज्याला मेटॉइकिऑन माफ. भावाचा जीव, कारखाना आणि लोकशाहीसाठी ओतलेले धन यांच्या बदल्यात नगराने त्याला करातली समानता दिली. नागरिकांना न्यायालयात बोलण्यासाठी उत्तमोत्तम भाषणे तो पुढे लिहीत राहिला. न्यायमंडळात बसण्याचा अधिकार त्याला नव्हता.

१५/ अर्धशतकानंतर, इ.स.पू. ३५५ च्या सुमारास, झेनोफनने ‘पोरोई’ (उत्पन्नाचे मार्ग) हा प्रबंध लिहिला. मेटिक स्वतःचे पोट स्वतः भरतात, नगराकडून काही घेत नाहीत आणि वर कर देतात; तेव्हा ते अधिक यावेत असे करा, हा त्याचा सल्ला. पायदळातली सक्ती काढा, घोडदळात प्रवेश द्या, पडीक जागांवर घरे बांधू द्या, त्यांच्यासाठी पालक अधिकारी नेमा. मताधिकार या यादीत नाही.

१६/ चौथ्या शतकाच्या अखेरीस फालेरॉनच्या डेमेट्रियसने केलेल्या गणनेत २१,००० नागरिक आणि १०,००० मेटिक मोजले गेले, अशी नोंद आहे. म्हणजे नगरातील तीन मुक्त प्रौढ पुरुषांपैकी जवळजवळ एक करदाता होता, पण मतदार नव्हता.

१७/ आज कर थकला म्हणून कुणी विकले जात नाही. एकाच उत्पन्नावर दोन देशांत कर पडू नये म्हणून करारही आहेत. परंतु पुण्याहून लंडनला वा दुबईहून मुंबईला गेलेला माणूस अजूनही दोन वेगवेगळ्या वह्यांत नोंदला जातो. एकीत तो किती दिवस राहिला, हे मोजतात. दुसरीत तो कुणाचा, हे लिहितात. अथेन्सने या वह्या वेगळ्या ठेवल्या होत्या. लिसियसचे नाव पहिलीतून दुसरीत जाता जाता राहिले.

(समाप्त)