वीज वाहणारे प्लास्टिक आणि पुरस्काराबाहेर राहिलेली नावे

१/ प्लास्टिक विजेला अडवते, हे आपण तारेवरच्या वेष्टनावरूनच शिकतो. तरीही आज वाकणारी, गुंडाळता येणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे घडवली जात आहेत ती विद्युतवाहक प्लास्टिक आणि ग्राफीन यांच्या बळावर. या प्लास्टिकची जन्मकथा नेहमी एका अपघातापासून सांगितली जाते. ती खरी आहे, पण अपुरी. हा धागा त्या उरलेल्या भागाविषयी.

२/ वर्ष १९६७. तोक्यो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये हिदेकी शिराकावा पॉलिअ‍ॅसिटिलीनचा अभ्यास करत होते. इटलीतील जुलिओ नात्ता यांनी १९५८ मध्ये ते तयार केले होते. पण ती होती काळी भुकटी. ती ना विरघळे, ना वितळे. मग मोजमाप करायचे कशाचे?

३/ कोरियाहून आलेले पाहुणे संशोधक ह्युंग चिक प्युन यांनी शिराकावांनी दिलेल्या कृतीप्रमाणे प्रयोग केला. भुकटीऐवजी द्रावणावर पापुद्र्याचे तुकडे तरंगू लागले. उत्प्रेरक सुमारे हजारपट पडला होता. ‘मिलिमोल’मधला ‘मिलि’ लिहिताना सुटला की वाचताना? शिराकावांनी पुढे दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवल्या.

४/ कथा सांगणारे येथून थेट नोबेलवर उडी घेतात. मधली जवळजवळ दहा वर्षे गळून जातात. चूक हेतुपुरस्सर पुन्हा करणे, पापुद्रा नीट घडवणे, त्याची रचना उलगडणे, हे काम त्या वर्षांतले. पापुद्रा धातूसारखा चमके. वीज मात्र फारशी वाहत नसे.

५/ ती चमक १९७५ मध्ये तोक्योला आलेल्या अ‍ॅलन मॅकडायर्मिड यांच्या नजरेत भरली. त्यांनी शिराकावांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बोलावले. तेथे २३ नोव्हेंबर १९७६ रोजी शिराकावा आणि अ‍ॅलन हीगर यांचे सहकारी सी. के. चियांग यांनी पापुद्र्यावर ब्रोमीनची वाफ सोडली. काही मिनिटांत वाहकता लक्षावधी पटींनी वाढली.

६/ असे का झाले? पॉलिअ‍ॅसिटिलीनच्या साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात. त्यातले इलेक्ट्रॉन खच्चून भरलेल्या लोकलमधल्या प्रवाशांसारखे अडकलेले असतात. ब्रोमीन त्यांतले काही काढून घेते. उरलेल्यांना सरकायला जागा मिळते.

७/ १९७७ च्या शोधनिबंधावर पाच नावे आहेत: शिराकावा, एडविन लुईस, मॅकडायर्मिड, चियांग, हीगर. रसायनशास्त्राचे २००० सालचे नोबेल तिघांना मिळाले. एका पुरस्काराचे मानकरी तिघांहून अधिक असू शकत नाहीत. लुईस आणि चियांग बाहेर राहिले. प्युन तर निबंधावरही नव्हते.

८/ आता आणखी मागे जाऊ. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियात डोनाल्ड वाइस आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त पॉलिपिरोलची वाहकता नोंदवली होती. १८६२ मध्ये लंडनमध्ये हेन्री लेथबी यांनी अ‍ॅनिलिनच्या आम्ल द्रावणातून वीज सोडून निळसर-हिरवा थर मिळवला होता. आज आपण त्याला पॉलिअ‍ॅनिलिन म्हणतो. पण दीर्घ साखळी-रेणूंची कल्पना हर्मन श्टाउडिंगर यांनी मांडली १९२० मध्ये. पदार्थ आधी आला, त्याला ओळखणारी भाषा नंतर.

९/ ग्राफीनचा इतिहासही असाच. बेंजामिन ब्रॉडी यांचा ग्रॅफाइट ऑक्साइडवरील निबंध १८५९ चा. फिलिप वॉलेस यांचे एका थराचे गणित १९४७ चे. हान्स-पेटर बोम यांचे अतिपातळ कार्बन पापुद्रे १९६२ चे. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचा एकेरी थर सोलून त्याचे विद्युत गुणधर्म मोजले ते २००४ मध्ये. नोबेल २०१० मध्ये.

१०/ मग १९७७ किंवा २००४ चे श्रेय फुकाचे का? मुळीच नाही. १९७७ मध्ये रसायनशास्त्रज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ एकाच टेबलाशी बसले होते, मोजता येईल असा पापुद्रा हाती होता आणि वाहकता का वाढते याचे उत्तर शोधले जात होते. आधीच्यांकडे यातले काही ना काही नव्हते. ‘पहिला कोण?’ याहून ‘तेव्हाच का?’ हा प्रश्न इतिहासाला अधिक काही देतो.

११/ पॉलिअ‍ॅसिटिलीन स्वतः हवेत टिकले नाही. बाजारात रुळले ते बायर कंपनीत विकसित झालेले पेडॉट. त्याचे एक सुरुवातीचे काम छायाचित्रणाच्या फिल्मवर स्थिर वीज साचू न देणे, इतके साधे होते. आज तेच लवचिक उपकरणांत पारदर्शक वाहक थर म्हणून वापरले जाते.

१२/ म्हणून एक सवय लावून घ्या. पुरस्कार विजेत्यांची यादी वाचली की मूळ शोधनिबंधावरची नावेही वाचा, आणि ज्याच्या हातून तो पहिला पापुद्रा तयार झाला त्याचे नाव कोठे आले आहे तेही शोधा. प्युन यांचे नाव आपल्यापर्यंत पोहोचले, कारण शिराकावांनी नोबेल व्याख्यानात ते घेतले.