राणी आणि भिक्षुक

१८५८ च्या जूनमध्ये झाशीची राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरीस रणांगणी पडली. तिचे अल्प आयुष्य अमर झाले. झाशीच्या वेढ्यात वरसईचे एक निर्धन भिक्षुक, विष्णुभट गोडसे, हेही सापडले होते. ते वाचले, गंगेची कावड घेऊन कोकणात परतले आणि कोणाच्या खिजगणतीत नसता वृद्ध झाले. उत्तरवयात त्यांनी लिहिलेला 'माझा प्रवास' त्यांच्या पश्चात, १९०७ साली छापला गेला. राणीचा पोशाख, तिचा दिनक्रम, नगराची लूट आज आम्हांस दिसते ती बव्हंशी त्या लेखणीमुळेच.

अल्पायुषी कीर्ती थोर की दीर्घायुषी अज्ञातवास? आम्हांस वाटते, कीर्तीलाही साक्षीदार लागतो. परमुलखी चाकरी करणाऱ्या आमच्या वाट्यास तलवार येणार नाही; साक्ष मात्र येऊ शकते.