लघुग्रह क्रमांक ३००१२८

आठवीत मी भूगोलाच्या सरांना विचारलं होतं, "सर, लघुग्रहांना सगळी ग्रीक देवींचीच नावं का?" सर म्हणाले, "जो शोधतो तो बारसं करतो. तुम्ही शोधा!" वर्ग हसला, आठवत असेल तुम्हाला.

पुढे वाचनात आलं, की १८६१ च्या एप्रिलमध्ये नॉर्मन पॉग्सन यांनी मद्रासच्या वेधशाळेतून एक लघुग्रह शोधला. आशिया खंडातून सापडलेला तो पहिला, म्हणून नाव 'एशिया'. भूमी आपली, बारसं साहेबाचं!

मग सप्टेंबर २०१९. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातल्या, २००६ साली अमेरिकेतून सापडलेल्या लघुग्रहाला पंडित जसराज यांचं नाव मिळालं. पंडितजी मूळचे हरियाणाचे, पण व्ही. शांताराम यांचे जावई, म्हणजे आपलेच की! त्यांचा जन्म २८ जानेवारी १९३०. वर्ष, महिना, दिवस असं लिहून बघा: ३०-०१-२८. हाच त्या लघुग्रहाचा क्रमांक.

बातमी वाचली तेव्हा मी पनवेल स्टेशनवर लोकलची वाट बघत होतो. सरांना सांगावं म्हणून मोबाइलमध्ये त्यांचा नंबर काढला. सरांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.