‘गोरा’ म्हणजे कोण? अमेरिकेच्या नागरिकत्वाचा इतिहास

१/
१९ फेब्रुवारी १९२३. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की भारतीय मनुष्य कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही. सबब तो अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. हा खटला होता पंजाबातून गेलेल्या भगतसिंग थिंद यांचा. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्याच लष्करात भरती झाले होते.

२/
या निकालाचे मूळ १३३ वर्षे मागे जाते. १७९० साली अमेरिकेने परदेशी व्यक्तींना नागरिकत्व देण्याचा पहिला कायदा केला. दोन वर्षांचे वास्तव्य व चांगले चारित्र्य एवढ्या अटी होत्या. पण अर्जदार ‘स्वतंत्र गोरी व्यक्ती’ असला पाहिजे, असे त्यात लिहिले होते. ‘गोरी’ म्हणजे कोण, हे मात्र कायद्याने कोठेही सांगितले नाही.

३/
त्या वेळी हे राष्ट्र मिसिसिपी नदीपाशी संपत होते. १८०३ साली फ्रान्सकडून लुइझियानाचा प्रदेश दीड कोटी डॉलरना विकत घेतला गेला आणि देशाचा विस्तार जवळजवळ दुप्पट झाला. ज्या मूळ रहिवासी जमाती पिढ्यान्‌पिढ्या त्या भूमीवर राहत होत्या, त्यांना या व्यवहारात कोणी विचारले नाही.

४/
१८४८ साली युद्धात हरलेल्या मेक्सिकोने कॅलिफोर्नियासह मोठा मुलूख अमेरिकेला दिला. तेथील मेक्सिकन लोक कोठेही गेले नव्हते. सीमाच त्यांच्यावरून सरकली होती. तहानुसार जे तेथेच राहतील त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळणार होते. भूमी हवी होती, म्हणून ‘गोरी’ या शब्दाचा अर्थ सैल करावा लागला.

५/
अर्ध्या शतकानंतरही हा पेच सुटला नव्हता. रिकार्दो रोद्रिगेस या मेक्सिकन मजुराच्या अर्जावर १८९७ साली टेक्सासमधील न्यायालयाने निकाल दिला. वंशशास्त्रानुसार तो गोरा ठरणार नाही, असे न्यायाधीशांना वाटत होते. तरीही जुन्या करारांचा आधार घेऊन त्यांनी त्याला पात्र ठरवले.

६/
दरम्यान यादवी युद्धाने गुलामगिरी संपली. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेत जन्मणाऱ्यास नागरिकत्वाचा हक्क दिला. १८७० साली आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही नागरिकत्वाचा अर्ज करता येऊ लागला. ‘गोरी’ हा शब्द काढून टाकावा, अशी सूचना तेव्हा सिनेटमध्ये झाली होती. ती फेटाळली गेली.

७/
कारण पश्चिम किनाऱ्यावर चिनी मजूर आले होते. सिएरा नेवाडाचे कडे फोडून लोहमार्ग नेणारे हात प्रामुख्याने त्यांचेच. १८६९ साली तो मार्ग पूर्ण झाला आणि दोन्ही किनारे जोडले गेले. पुढे तेरा वर्षांतच, १८८२ साली, चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा व चिनी लोकांना नागरिकत्व नाकारणारा कायदा संमत झाला.

८/
सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क १८९५ साली चीनहून परतला, तेव्हा त्याला बंदरातच अडवण्यात आले. तो न्यायालयात गेला. १८९८ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी ठरवले की आईबाप कोणीही असोत, अमेरिकेत जन्मल्यामुळे तो अमेरिकेचाच नागरिक आहे.

९/
त्याच वर्षी स्पेनचा पराभव करून अमेरिकेने फिलिपिन्स मिळवले. या वेळी धोरण निराळे होते. फिलिपिनो लोकांनी अमेरिकेशी निष्ठा बाळगायची, पण ते नागरिक नव्हेत. त्यांना अमेरिकेत येण्यास मुभा होती. १९३४ साली फिलिपिन्सला स्वातंत्र्याचे आश्वासन देताना तीही वर्षाला ५० माणसांवर आणण्यात आली.

१०/
पूर्वेकडील न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरून १८९२ पासून १९५४ पर्यंत सुमारे सव्वा कोटी लोक देशात आले. इटालियन, पोलिश, ज्यू लोकांची पुष्कळ हेटाळणी झाली. तरी कायद्याच्या दृष्टीने ते गोरे होते. ठरावीक वर्षे काढली की नागरिकत्वाचे दार त्यांना उघडे होते.

११/
भारतीयांबाबत न्यायालयांत एकवाक्यता नव्हती. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना १९१० साली न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने गोरे मानले. पश्चिमेकडे मात्र १९०७ सालीच बेलिंगहॅम येथे जमावाने पंजाबी गिरणीकामगारांना मारहाण करून गावाबाहेर हाकलले होते.

१२/
नोव्हेंबर १९२२ मध्ये जपानी वंशाच्या ताकाओ ओझावा यांचा खटला निकाली निघाला. वीस वर्षांचे वास्तव्य, अमेरिकेत शिक्षण, घरातही इंग्रजी. न्यायालय म्हणाले: गोरा म्हणजे कातडीचा रंग नव्हे, तर ‘कॉकेशियन’ वंश. जपानी त्या वंशाचे नाहीत. अर्ज फेटाळला.

१३/
थिंद यांना हा निकाल अनुकूल वाटणे स्वाभाविक होते. तत्कालीन वंशशास्त्र उत्तर भारतीयांना कॉकेशियन मानत असे. परंतु तीन महिन्यांतच त्याच न्यायालयाने कसोटी बदलली: वंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. दोन्ही निकालपत्रे लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले होते.

१४/
थिंद यांच्या बाजूने केलेला युक्तिवादही तपासून पाहण्याजोगा आहे. ते उच्चवर्णीय, शुद्ध आर्य रक्ताचे आहेत, आणि जातीबाहेर विवाह न करण्याची रूढी हा त्या शुद्धतेचा पुरावा आहे, असे मांडले गेले. वर्णभेदाची भिंत चुकीची आहे असे त्यात म्हटले नव्हते. आपण भिंतीच्या आतले आहोत, एवढेच म्हटले होते. तेवढ्याने भागले नाही.

१५/
निकालानंतर सरकारने पूर्वी नागरिकत्व मिळालेल्या भारतीयांची कागदपत्रेही रद्द करण्यास सुरुवात केली. कॅलिफोर्नियात नागरिकत्वास अपात्र परदेशीयांना शेतजमीन घेण्यास मनाई होती. सॅन फ्रान्सिस्कोतील व्यापारी वैष्णोदास बगाई यांचे नागरिकत्व गेले, दुकान सोडावे लागले. मायदेशी जाण्यासाठी पारपत्रही मिळाले नाही. १९२८ साली त्यांनी आपले जीवन संपवले.

१६/
एक माणूस मात्र जिंकला. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित हे अहमदाबादेत जन्मलेले, १९१४ पासून अमेरिकेचे नागरिक. सरकारने त्यांच्यावरही खटला भरला. ‘मी गोरा आहे’ हे सिद्ध करण्यावर त्यांनी आपला बचाव उभारला नाही. न्यायालयाने नागरिकत्व दिले, सरकारने तेव्हा अपील केले नाही, त्यावर विसंबून आपण वकिली, घर, संसार उभा केला. आता ते मोडता येणार नाही, असे त्यांनी मांडले.

१७/
१९२६ साली अपील न्यायालयाने पंडितांच्या बाजूने निकाल दिला. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. त्यानंतर सरकारने इतर भारतीयांवरील असे खटले सोडून दिले. वंशाच्या वादात थिंद हरले. शेजारी, व्यावसायिक, गृहस्थ म्हणून प्रत्यक्ष जगलेल्या आयुष्याचा दाखला देऊन पंडित टिकले.

१८/
१९२४ सालच्या दोन तारखा शेजारी ठेवाव्यात. २६ मे रोजी नव्या कायद्याने आशियाई लोकांचे स्थलांतर जवळपास बंद केले, दक्षिण व पूर्व युरोपातील लोकांवरही कडक मर्यादा घातल्या. २ जून रोजी देशात जन्मलेल्या सर्व मूळ अमेरिकनांना नागरिकत्व दिले. या भूमीचे सर्वांत जुने रहिवासी कायद्याने ‘अमेरिकन’ झाले ते इतक्या उशिरा.

१९/
पुढे एकेक कडी निखळत गेली. १९४३ साली चिनी, १९४६ साली भारतीय व फिलिपिनो लोक नागरिकत्वास पात्र ठरले. १९५२ साली वंशाची अट पूर्णपणे गेली. १९६५ साली जन्मदेशानुसार असलेले कोटे रद्द झाले. आज अमेरिकेत दिसणारा बहुसंख्य भारतीय समाज या शेवटच्या बदलानंतर तेथे गेला आहे.

२०/
१७९० ते १९५२ अशी १६२ वर्षे एक शब्द कायद्यात राहिला. जमीन जोडताना तो सैल झाला, मजूर दाराशी येताच तो आवळला, आणि त्याचा अर्थ त्या त्या वेळच्या सत्तेने ठरवला. राष्ट्राची ओळख प्राचीन व अचल असते असे सांगितले जाते. ती कोणी, केव्हा आणि कोणत्या गरजेपोटी लिहिली, हे पाहणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे.

(समाप्त)