टपालाने फिरणारे ग्रंथालय

संशोधन छापून आले की ते सर्वांचे झाले, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. पण छापलेले वाचायला कोणाला मिळते? हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्याचे एक उत्तर पुण्यात नांदले होते.

व्ही. रामस्वामी अय्यर हे मद्रास इलाख्यातील गुत्ती येथे डेप्युटी कलेक्टर होते. गणित हा त्यांचा ध्यास; पण आडगावी राहणाऱ्याला नवे ग्रंथ व नियतकालिके मिळणार कशी? डिसेंबर १९०६ मध्ये त्यांनी गणितप्रेमी मित्रांना पत्र पाठवून सुचवले की, सर्वांनी वर्गणी काढून ती एकत्र मागवावीत. त्यातून १९०७ मध्ये वीस सभासदांचा ‘अ‍ॅनॅलिटिक क्लब’ निघाला. तीच पुढची इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी. ग्रंथालयाला जागा मिळाली ती पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. रँग्लर र. पु. परांजपे तेव्हा तेथे प्राचार्य होते. अंक पुण्यात येत आणि तेथून टपालाने सभासदांकडे फिरत.

वाचायची सोय झाली, तशी लिहायचीही झाली. १९०९ पासून संस्थेचे स्वतःचे नियतकालिक निघू लागले. १९११ मध्ये त्यात बर्नुली संख्यांवर एक निबंध आला. लेखकाजवळ पदवी नव्हती. त्याचे नाव श्रीनिवास रामानुजन! त्याने हार्डींना पत्र लिहिले ते पुढे, १९१३ मध्ये.

दुसऱ्या महायुद्धानंतर संशोधनपत्रिका हा मोठा व्यापार झाला. निबंध लिहिणाऱ्याला मानधन नाही, तपासणाऱ्यालाही बहुधा नाही. ग्रंथालयाला मात्र भरमसाट वर्गणी. १९९१ मध्ये पॉल गिन्स्पार्ग यांनी भौतिकीचे निबंध संगणकावर खुले ठेवणारे ‘अर्काइव्ह’ सुरू केले. २००२ मध्ये बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने मुक्त प्रवेशाची मागणी जगापुढे मांडली. पण त्यातूनच दुसरी अडचण उभी राहिली. अनेक पत्रिका वाचकाऐवजी लेखकाकडून पैसे घेऊ लागल्या, आणि नामांकित पत्रिकांत हा आकार लाखांच्या घरात गेला. दार बदलले, कुलूप राहिलेच.

भारत सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० पत्रिका. रामस्वामींचीच कल्पना, देशभर विस्तारलेली! मात्र ती सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांसाठी आहे. इंदापूर तालुक्यातील वरकुट्याच्या शाळेत शिकवणारा शिक्षक तिच्या बाहेरच राहतो.

गुत्तीच्या त्या अधिकाऱ्याची अडचण नेमकी हीच होती. तो विद्यापीठात नव्हता. त्याला फक्त वाचायचे होते.