लाकूड कुणब्याचे, हात सुताराचा

गेल्या वर्षीच्या ज्ञातिमेळाव्यात खुटबावकडील एका तरुण बांधवाने आम्हांस एक साधाच प्रश्न विचारला. पुण्यातील नोकरी सोडून त्यास गावी सुतारकामाचा कारखाना काढावयाचा होता. कडक लाकूड जवळपास कोठे मिळेल आणि चांगली हत्यारे कोणाकडून घ्यावीत, एवढेच त्यास हवे होते. चार ठिकाणे सांगून आम्हांस मोकळे होता आले असते. परंतु घरी परतताना मनात आले की, सुताराच्या मुलावर लाकूड कोठे मिळते असे विचारण्याची पाळी यावी, हीच मुळी नवलाची गोष्ट आहे. त्याच्या पणजोबांस हा प्रश्न कधी पडला नसेल. तो केव्हा व कसा पडू लागला, ह्याचा मागोवा घ्यावा म्हणून प्रस्तुत लेख लिहिण्याचे योजिले आहे.

खुटबाव हे पुणे-दौंड लोहमार्गावर यवत व केडगाव ह्यांच्या दरम्यान वसलेले गाव आज दौंड तालुक्यात मोडते. पूर्वीच्या भीमथडीचा हा मुलूख. सह्याद्रीची राने येथून दूर आणि पाऊस बेताचा, तेव्हा साग, शिसव, ऐन ही झाडे येथील सुतारास रानात आयती मिळण्याचा संभव नव्हता. येथील खरे लाकूड म्हणजे बाभूळ. भीमा व मुळा-मुठा ह्यांच्या काठच्या काळ्या जमिनीत, ओढ्यांच्या कडेला आणि शेतांच्या बांधांवर ती कोणी न लावता वाढे. नांगराचे खोड, गाडीचा तुंबा, चाकाचे आरे, मोटेचे चाक, कुळवाची दांडी, हे सारे बाभळीचे. कडुनिंबास कीड सहसा लागत नाही, म्हणून तो घराच्या तुळयांना व चौकटींना, चिंच मोगरीला आणि उखळाला, आंबा फळ्यांना. वाळलेल्या बाभळीचे वजन घनमीटरास सुमारे ८०० किलो भरते आणि सागाचे सुमारे ६५०. आजकाल घराघरांतून सागाचा मोठा तोरा मिरविला जातो. परंतु खडकाळ वाटेवर भरल्या गाडीचा हादरा सोसावयाचा तर तेथे बाभळीचेच काम होते.

आता हे लाकूड सुताराच्या हाती कसे येई ते पाहू. कै. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ ह्या ग्रंथात बलुतेपद्धतीचे जे वर्णन केले आहे, ते आपल्या ज्ञातीतील प्रत्येक सुशिक्षिताने एकवार तरी वाचावे. त्या व्यवस्थेत सुताराचे स्थान थोरल्या ओळीत असे. कुणब्याने आपल्या बांधावरचे झाड दाखवावे, ते तोडून आणावे आणि सुताराच्या दारी टाकावे. सुताराने त्यातून नांगर, कुळव, पाभर घडवावी, वर्षभर त्यांची डागडुजी करावी आणि सुगीस खळ्यावर जाऊन बलुत्याचे धान्य घ्यावे. नवी गाडी किंवा घराचे काम असेल तर त्याचा मोबदला निराळा ठरे. लोखंडी फाळ व चाकावरची धाव ही लोहाराची जबाबदारी. सुताराचे हत्यारही बहुधा तोच लोहार घडवून देई.

व्यवस्था पाहावयास मोठी सोयीची दिसते, आणि तिची स्तुती करणारे लेख आपल्या स्मरणिकांतून पुष्कळदा आलेले आहेत. परंतु तिच्यातील एक गोष्ट आमच्या मते पुरेशी ध्यानात घेतली गेली नाही. ह्या साऱ्या व्यवहारात लाकूड सुताराचे कधीच नव्हते. झाड कुणब्याचे, ओंडका कुणब्याचा, उरलेला ढलपादेखील पुष्कळदा कुणब्याच्या चुलीत जाई. सुताराजवळ होते ते फक्त हात आणि हत्यार. लाकूड विकत घेणे, साठविणे, वाळवून योग्य वेळी विकणे, हा व्यापार त्यास कधी करावा लागला नाही, म्हणून तो त्यास कधी आलाही नाही. ज्या दिवशी बांधावरचे लाकूड येईनासे झाले, त्या दिवशी आपला पूर्वज वखारीच्या दारात गिऱ्हाईक म्हणून उभा राहिला. वखारीचा मालक म्हणून उभा राहण्याचा संस्कार त्याच्यापाशी नव्हता.

लाकडाची पारख मात्र त्याच्याइतकी कोणास नव्हती, हेही येथेच सांगितले पाहिजे. उभ्या झाडाकडे पाहून हे नांगराला जाईल, हे तुंब्याला, हे नुसते जळणाला, असे तो सांगे. नांगराला हवा तसा बाक ज्या झाडास निसर्गतःच असे, तेच तो निवडी. कारण रेषा न तोडता मिळालेला बाक कापून काढलेल्या बाकाहून बळकट असतो. तोडलेला बाभळीचा ओंडका तो लगेच कामास घेत नसे. तो ओढ्यात किंवा विहिरीलगतच्या डबक्यात काही महिने बुडवून ठेवी व मग सावलीत वाळवी. भुंगा लागतो तो लाकडाच्या बाहेरच्या पांढऱ्या भागातील पिठूळ अंशासाठी. पाण्यात तो अंश झिरपून जातो, असे आज लाकूडशास्त्रज्ञ सांगतात. आपल्या पूर्वजांस पीठ आणि भुंगा ह्यांचा संबंध पुस्तकातून कळलेला नव्हता, पण कृती तीच होती.

बाभळीच्या ह्या राज्यात पहिली मोठी उलथापालथ पाण्याने घडवून आणली. खडकवासल्याचे धरण बांधण्यास १८६९ च्या सुमारास आरंभ झाला आणि पुढील दशकात मुठेच्या उजव्या कालव्याचे पाणी भीमथडीकडे येऊ लागले. पाण्याबरोबर ऊस आला, आणि उसाबरोबर गुऱ्हाळे. त्या काळचा उसाचा चरक सर्वस्वी लाकडी असे. १८८५ सालच्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात त्याचे वर्णन आलेले आहे. बाभळीच्या अखंड खोडातून घडविलेल्या दोन उभ्या लाटा, वरच्या बाजूस एकमेकींत अडकणारे तिरपे दाते, आणि त्या जोडीस नाव काय, तर नवरा-नवरी! बैल फिरू लागले की नवरा फिरे आणि दात्यांत दात अडकवून नवरीसही फिरवी. वीत-दीड वीत जाडीच्या अखंड बाभळीवर असे तिरपे दाते बिनचूक कोरणे हे सोपे काम नव्हे. एक दाता चुकला तर साऱ्या लाटेचे सरपण होई. त्या पिढीतील भीमथडीच्या सुतारास एवढे काम त्यापूर्वी कधी मिळाले नसावे, असा आमचा तर्क आहे. परंतु त्याच उसाच्या काहिलीखाली जळण लागे, आणि जेथे बांध मोडून पाटाची शेती झाली तेथे बाभळी गेल्या. ज्या पाण्याने काम दिले त्यानेच लाकूड नेले.

नवरा-नवरीचा संसारही फार काळ टिकला नाही. बिहारातील बिहिया येथे १८७० च्या दशकात निघालेला लोखंडी चरक हळूहळू देशभर पसरला. लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनी १९०३ साली बेळगावास लोखंडी नांगर काढला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. पुढे त्यांच्या कारखान्यातून चरकही निघू लागले. लोखंडाने सुताराचे पोट मारले असे आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. लोखंड ओतण्यापूर्वी वाळूत साचा उमटवावा लागतो, आणि तो उमटविण्यासाठी आधी हुबेहूब लाकडी नमुना लागतो. हा नमुना सुतारच करतो. आपल्या ज्ञातीतील किती कुटुंबे ओतशाळांतून व रेल्वेच्या कारखान्यांतून पॅटर्न मेकर म्हणून नांदली, ह्याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या घरी करावा.

पुढचे सारे झपाट्याने घडले. मोटेच्या जागी तेलाची इंजिने व मग विजेचे पंप आले, तसे मोटेचे चाक गेले. रबरी धावांची डनलॉप गाडी आली, तसे तुंबा, आरे आणि धाव ही तिन्ही एकदम गेली. १९५३ साली मुंबई राज्याने समाजोपयोगी सेवा इनामे रद्द करणारा कायदा केला. बलुत्याचे धान्य कायद्याने नव्हे, तर रोख मजुरीने आधीच पातळ केले होते. ट्रॅक्टराबद्दल निराळे सांगावयास नको.

आता वखारीकडे वळू. पुण्याहून भीमथडीतून पुढे जाणारा लोहमार्ग १८५८ साली दिक्सळपर्यंत खुला झाला, आणि १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग झाल्यावर खानदेश व वऱ्हाडाकडची वाट मोकळी झाली. मुंबई बंदरी ब्रह्मदेशातील साग उतरे. १९४२ साली जपानने तो देश घेतल्यावर ती आवक खुंटली आणि मध्यप्रांताच्या सागास भाव आला. आजही जुने गवंडी व सुतार त्यास ‘सीपी साग’ म्हणतात, ते त्या प्रांताच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. पुण्यात भवानी पेठेचे टिंबर मार्केट उभे राहिले. तेथे, आणि महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यांत, लाकडाच्या वखारी व आरागिरण्या काढल्या त्या प्रामुख्याने कच्छहून आलेल्या पाटीदार बंधूंनी. त्यांच्याविषयी आपल्या मेळाव्यांतून क्वचित कडवट बोल ऐकू येतात. ते आम्हांस अनुचित वाटतात. ते लोक हजार कोस ओलांडून आले, एकमेकांच्या पोरांना वखारीत ठेवून धंदा शिकविला, एकमेकांस उधारीवर माल दिला. आपण मात्र शेजारच्या गावच्या सुताराशी कामाच्या दरावरून भांडत बसलो.

सहकाराचे उदाहरणही समोर होते. बाळासाहेब खेर ह्यांच्या प्रेरणेने १९४७ पासून मुंबई राज्यात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या आणि ठेकेदारांच्या हातातील कूपतोड आदिवासींच्या संस्थांकडे येऊ लागली. लाकूड तोडणाऱ्यांनी एकी केली, पण लाकूड घडविणाऱ्यांना ती सुचली नाही. ह्याबद्दल इतर कोणास बोल लावण्यास जागा नाही.

एवढा इतिहास सांगितल्यावर त्या तरुण बांधवाच्या प्रश्नाचे उत्तर देणे आम्हांस भाग आहे. बांधावरचे लाकूड अजूनही आहे. झाडतोडीचे नियमन करणारा महाराष्ट्राचा कायदा १९६४ चा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, आंबा, चिंच, जांभूळ, फणस आदी झाडे येतात आणि ती शेतात असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. बाभूळ व कडुनिंब त्या अनुसूचीत नाहीत. तरीही तोडण्यापूर्वी व वाहून नेण्यापूर्वी वनखात्याच्या कचेरीत चौकशी करावी, म्हणजे वाटेत गाडी अडत नाही. उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने १९७० च्या दशकात सुबाभळीचा प्रसार केला. ते झाड चाऱ्यास व जळणास उत्तम आहे, पण नावात बाभूळ आहे म्हणून कोणी त्याच्या चौकटी करू नयेत. स्वतःची आरागिरणी घालण्याचा विचार असेल तर तो सावधपणे करावा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ व २००२ सालच्या आदेशांनंतर नवा परवाना मिळणे दुर्घट झाले आहे. जुन्या परवानाधारकाकडून कापून घेणे हेच व्यवहार्य.

सागाचे म्हणाल, तर ब्रह्मदेशाने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. टिंबर मार्केटात आज पुष्कळसा साग आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथील लागवडीचा असतो व तो कांडला बंदरातून येतो. तो वाईट नव्हे. पण कोवळ्या झाडाचा असल्याने त्यात पांढरा भाग अधिक असतो. आम्ही स्वतः एका वखारीतून घेतलेल्या चौकटीस दुसऱ्याच पावसाळ्यात भुंगा लागला, कारण रंग लावलेला असल्याने पांढरे कोठे संपते ते पाहिलेच नाही. रंगविलेले लाकूड विकत घेऊ नये, आणि टोक रंध्याने तासून पाहिल्याशिवाय कोणतेच घेऊ नये. अस्सल देशी साग हवा असल्यास बल्लारपूर व परतवाडा येथील सरकारी आगारांत लिलाव होतात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली साग गेला तो चंद्रपूर जिल्ह्यातूनच. एकट्या सुतारास लिलावातील ढीग व तेथून पुण्यापर्यंतचे भाडे झेपणार नाही. दहा-बारा घरांनी मिळून घेतला तर झेपेल.

हत्यारांची वाट तुलनेने सोपी आहे. पुण्याच्या रविवार पेठेतील बोहरी आळी आणि मुंबईची नागदेवी स्ट्रीट येथे रंधे, पटाश्या, गिरमिटे, करवती सारे काही मिळते. विजेची हत्यारेही मिळतात आणि ती घेण्यात कमीपणा नाही. केंद्र सरकारची पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तीत १८ व्यवसायांमध्ये सुतारकाम आहे आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. आपण विश्वकर्मा जयंती माघ शुद्ध त्रयोदशीस करतो हा तिथीचा वाद येथे उकरू नये, अर्ज भरावा. वाकस मात्र आम्ही दुकानातला घेण्यास सांगणार नाही. ट्रकच्या कमानपाट्याच्या पोलादातून लोहाराने ठोकून दिलेल्या वाकसाची धार अधिक टिकते, आणि गावात ऐरण चालू असेल तोवर तो तेथूनच करून घ्यावा. दांडा बांधावरच्या बाभळीचा बसवावा, आणि तो तासण्यापूर्वी लाकूड एक पावसाळा तरी सावलीत राहिलेले असावे.