पाव निघाल्यावरची भट्टी

मराठी घराला चूल होती, चुलीला वैल होता. पुढे शहरात शेगडी आली, मग पंपाचा स्टोव्ह आला. भट्टी मात्र घरात कधीच नव्हती. चारी बाजूंनी धग लागावी असे पदार्थ आपल्याकडे मोजके, आणि त्यांच्यासाठी ‘खालीवर विस्तव’ हा तोडगा होता. पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे. पाठारे प्रभूंचं भानोलं असंच व्हायचं, सीकेपींचं निनावंही. गोव्यात बेबिंकाचा एकेक थर वरच्या विस्तवावर भाजत बायका अर्धा दिवस चुलीपाशी बसत. पण या सगळ्यात एका वेळी एकच भांडं. घरात लग्न निघालं, चाळभर बायका हळदीकुंकवाला बोलावल्या, की एका भांड्याने भागत नसे.

तेव्हा कामी यायची बेकरी.

मी गिरगावच्या चाळीत वाढले. दिवाळीच्या फराळात चकली, करंजी, शेव, शंकरपाळे हे सगळं कढईतलं, लाडू परातीतले. एकटी नानकटाई काय ती भट्टी मागणारी. ती आमच्या मोठ्या काकूकडे होती, म्हणजे तिची सूत्रं. मैदा, पिठीसाखर, डालडा, वेलची, चिमूटभर सोडा असं घेऊन काकू आणि आम्ही दोन-तीन पोरं नाक्यावरच्या बेकरीच्या मागच्या दाराशी जायचो. आत काळे पडलेले पत्रे रचून ठेवलेले असत. काकू विचारायची, आणि भट्टीवाल्याचं उत्तर दर वर्षी एकच: “पहले पाव निकलने दो, बाई.”

या उत्तरात भट्टीचं सगळं शास्त्र होतं. विटांची कमानदार भट्टी आत लाकडं पेटवून तापवायची, मग विस्तव सारून, राख झाडून, विटांत साठलेल्या धगीवर पाव भाजायचा. पावाला कडक आच लागते, म्हणून त्याचा मान पहिला. धग जशी उतरते तसे पदार्थ बदलतात. नानकटाईला मंद आच हवी. कडक भट्टीत ती खालून करपते आणि मधे कच्ची राहते. म्हणजे पहाटेचा पाव निघाल्यानंतर आणि संध्याकाळच्या पावासाठी पुन्हा लाकडं घालण्याआधी जी दुपार उरे, ती आमची. बेकरीवाल्याला ती धग एरवी फुकट जाणारी, त्यामुळे पत्र्यामागे भाजणावळही माफक असे.

आता सोवळ्याओवळ्याचं बोलते, कारण ते टाळून हा इतिहास सांगता येत नाही. पाव हा पोर्तुगिजांबरोबर आलेला. तो विहिरीत टाकला आणि ते पाणी प्यायलेलं गाव बाटलं, अशा गोष्टी वसईकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. आमच्या आजीने आयुष्यात पावाला हात लावला नाही. त्याच आजीला बेकरीत भाजलेली नानकटाई चालायची. तिचा हिशोब चोख होता: पीठ आपलं, तूप आपलं, पाण्याचा थेंब नाही, भट्टी तेवढी त्याची. गोव्याचा पदेर म्हणजे पाववाला, इराणी मालक, उत्तरेकडून आलेला मुसलमान कारागीर, यांच्या हाताखालून आमच्या दिवाळीतला हा पदार्थ गेला आणि कुणाचं काही बिघडलं नाही. माझ्या मते हे कुठल्याही सुधारकाच्या भाषणापेक्षा जास्त कामाचं झालं, जरी आजीला ते सांगितलं असतं तर ती रागावली असती.

पत्रे सरमिसळ होऊ नयेत म्हणून प्रत्येक घराची खूण असे. आमची चारोळी, समोरच्या बिऱ्हाडाचा बदामाचा काप, कुणाचा नुसता अंगठ्याचा खळगा. तरी अदलाबदल व्हायची आणि चाळीत दोन दिवस कुजबुज चालायची की अमकीने तूप कमी घातलंय.

यजमानीणबाईचं वेळापत्रकच त्या दुपारवर बसवलेलं असे. पाहुणे शनिवारी, तर भट्टीचं काम बुधवारी-गुरुवारी. भाजलेलं पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरायचं नाही, नाहीतर मऊ पडतं. मग तळणीचं, आणि आयत्या वेळी फक्त चहा आणि गरम पोहे. घरच्या दोन स्टोव्हना तेवढंच झेपत असे. आधी करून ठेवायची शिस्त बायकांच्या अंगात उपजत होती असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. भट्टी दुसऱ्याची होती, म्हणून शिस्त आली.

पुढे अॅल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला, झाकणाला काच असलेला. त्यात एक केक मावे. ज्यांना तोही परवडेना त्यांनी कुकरमध्ये वाळू घालून केक केले, आणि ते बरे होत असत. पण या दोन्हींत नानकटाई करायची तर एका वेळी मूठभर. त्यामुळे घरात ओव्हन आल्यावरही चाळीतल्या बायका पत्रे घेऊन बेकरीत जातच राहिल्या. बेकरीची वाट बंद पडली ती तयार पाकिटं दुकानात स्वस्त मिळू लागल्यावर. कामाला जाणाऱ्या बाईला दुपार मोकळी कुठे होती?

जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न हाती घेऊन लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. धुराचं म्हणणं खोटं नाही. भट्टीपाशी उभं राहून डोळे चोळणारी मीच आहे. पण गॅसची भट्टी बंद केली की लवकर निवते, आणि पाव निघाल्यावर दुपारभर टिकणारी ती उतरती धग तिच्यात नाही. कुणाच्या घरी आईची किंवा आत्याची पाककृतींची जुनी वही असेल आणि तिच्यात ‘बेकरीतून भाजून आणणे’ असा शेरा असेल, तर त्या अजून हयात आहेत तोवर विचारून घ्या: कुठली बेकरी, किती वाजता, आणि पत्र्यावर आपली खूण कोणती होती.